पीटरसन आणि रास्क: जर्मन-स्वीडिश घराण्याचा माग आणि कुलचिन्हाची शहानिशा

तुमचा प्रश्न असा: नवऱ्याचे खापरपणजोबा योहान पीटरसन १८८० च्या दशकात, वयाच्या साधारण बाविसाव्या वर्षी उत्तर जर्मनीतल्या 'होल्स्टाईन'हून अमेरिकेत आयोवाला आले. त्यांची बायको रास्क घराण्यातली, स्वीडनमधल्या स्मोलांडची. घरात 'पीटरसन घराण्याचं कुलचिन्ह' म्हणून एक रंगीत चित्र फ्रेम करून लावलेलं आहे. ते खरं आहे का, या दोन्ही घराण्यांचा माग किती मागे नेता येईल, आणि त्यात वंशाच्या (डीएनए) चाचणीचा उपयोग होईल का?

कुलचिन्हाचं उत्तर वंशावळीतूनच मिळतं, म्हणून आधी वंशावळ. आणि वंशावळीसाठी आडनावाआधी गाव हवं. जर्मनीत देशभराची एकच जन्मनोंद-सूची कधीच नव्हती आणि आजही नाही. स्वीडनमध्ये नोंदी अतिशय चांगल्या आहेत, पण त्याही पॅरिशनिहाय, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीनुसार ठेवलेल्या. 'होल्स्टाईन' हा प्रांत झाला, 'स्मोलांड'मध्ये आज तीन जिल्हे येतात. एवढ्या माहितीवर शोधाच्या चौकटीत 'योहान पीटरसन' टाकलं, तर त्याच वयाचे शेकडो योहान पीटरसन समोर येतात. त्यातला सोयीचा एक उचलून वंशवृक्षाच्या झाडाला टांगायचा, ही या कामातली सगळ्यात मोठी चूक. ऑनलाइन फिरणारी निम्मी झाडं अशीच वाढलेली असतात.

म्हणून सुरुवात अमेरिकेतल्या कागदांपासून करा. गावाचं नाव बहुधा सरकारी कागदात सापडत नाही, चर्चच्या कागदात सापडतं. योहान ज्या जर्मन लुथरन मंडळीत जात, तिथल्या विवाहाच्या आणि दफनाच्या नोंदी पाहा. पाद्री स्वतः जर्मन असल्यामुळे तो जन्मगाव नीट लिहून ठेवी. स्वीडिश बाजूसाठी ऑगस्टाना सिनॉड या स्वीडिश लुथरन संघटनेच्या मंडळ्यांची पुस्तकं पाहा. त्यांत सभासद कोणत्या पॅरिशमधून आला ते सहसा असतं. ही पुस्तकं इलिनॉयमधल्या रॉक आयलंड इथल्या स्वेन्सन सेंटरमध्ये पाहायला मिळतात. त्यानंतर जर्मन भाषेतल्या स्थानिक वर्तमानपत्रातली मृत्युवार्ता, थडग्यावरचा मजकूर, घरातलं जुनं बायबल, बाप्तिस्म्याचा दाखला. नागरिकत्वाच्या कागदांकडून फार आशा ठेवू नका. २७ सप्टेंबर १९०६ पूर्वीच्या अर्जांत बहुतेक वेळा फक्त देशाचं किंवा राजाचं नाव असतं. नवा कायदा लागू झाल्यावर जन्मगाव विचारायला लागले. योहान यांचे धाकटे भाऊ किंवा चुलतभाऊ उशिरा नागरिक झाले असतील, तर त्यांचे कागद काढा. भावाचं गाव तेच आपलं गाव. थेट पूर्वजाच्या कागदांत जे मिळत नाही, ते त्याच्या भावंडांच्या आणि लग्नातल्या साक्षीदारांच्या कागदांत मिळतं.

अमेरिकी जनगणनेत योहान यांचं जन्मस्थान एकदा 'डेन्मार्क', एकदा 'होल्स्टाईन', नंतर 'जर्मनी' असं दिसलं तर गोंधळू नका. श्लेस्विग आणि होल्स्टाईन या दोन डचींवर, म्हणजे ड्यूकच्या प्रांतांवर, १८६४ पर्यंत डेन्मार्कच्या राजाचं राज्य होतं. त्या वर्षीच्या युद्धात त्या डेन्मार्कच्या हातून गेल्या, १८६६ नंतर प्रशियात सामील झाल्या, आणि १९२० च्या सार्वमतानंतर श्लेस्विगचा उत्तर भाग पुन्हा डेन्मार्कला मिळाला. माणूस जागचा हलला नाही, सरहद्द हलली. गाव आजच्या सरहद्दीच्या उत्तरेला असेल तर कागद डेन्मार्कच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, दक्षिणेला असेल तर जर्मन चर्चच्या आणि नगरपालिकेच्या अभिलेखागारांत. लोक मात्र अमेरिकेत या सगळ्या पट्ट्याला सरसकट 'होल्स्टाईन' म्हणत, हेही लक्षात ठेवा.

जहाजाच्या याद्यांत हांबुर्ग बंदराच्या याद्या सर्वांत उपयोगी. १८५० ते १९३४ पर्यंतच्या बहुतांश टिकून आहेत आणि त्यांत प्रवाशाचं शेवटचं वास्तव्याचं गाव असतं. या याद्या दोन प्रकारच्या आहेत: थेट अमेरिकेला जाणाऱ्या जहाजांच्या, आणि हल-लिव्हरपूलसारख्या ब्रिटिश बंदरांमार्गे जाणाऱ्यांच्या 'अप्रत्यक्ष' याद्या. दुसरा प्रकार शोधायचा राहून जातो आणि माणूस 'सापडत नाही'. ब्रेमेनच्या याद्या मात्र जवळजवळ गेल्याच. जागा नाही म्हणून तिथल्या कार्यालयाने वर्षानुवर्षं जुन्या याद्या नष्ट केल्या आणि उरलेल्यांतल्या बऱ्याच दुसऱ्या महायुद्धात गेल्या. आज हाती आहेत त्या मुख्यतः १९२० ते १९३९ च्या. योहान ब्रेमेनहून निघाले असतील तर उतरण्याच्या बंदरातली अमेरिकी यादी हाच आधार, आणि तिच्यात त्या काळी बहुधा फक्त 'जर्मनी' असतं. लष्करभरती टाळायला परवानगीविना निघालेले तरुण सरकारी स्थलांतर-याद्यांत मुळातच दिसत नाहीत.

गावाचं नाव हाती आलं की ते एकच गाव आहे ना हे पाहा. नोयकिर्शेन, नोयनकिर्शेन, नॉयश्टाट या नावांची गावं जर्मनीभर आहेत. यासाठी १९१२ च्या सुमाराचा मायर्सचा स्थलकोश पाहावा. तो ऑनलाइन आहे. जर्मन साम्राज्यातलं प्रत्येक लहानमोठं ठिकाण, त्याचा जिल्हा, नोंदणी कार्यालय कुठे आणि चर्च त्याच गावात की शेजारच्या, हे त्यात मिळतं. लहान वस्तीला स्वतःचं चर्च नसे. तिच्या नोंदी दोन-तीन मैलांवरच्या पॅरिशमध्ये असत. याला जोडीला जर्मन वंशशोधकांच्या संघटनेची 'गोव्ह' ही स्थळसूची वापरा. तिच्यात कोणतं गाव कोणत्या साली कोणत्या प्रशासनाखाली होतं ते दिसतं. अमेरिकी कारकुनाने कानावर पडेल तसं लिहिलेलं नाव असेल तर ते मोठ्याने वाचा: ब-प, ड-ट, ग-क यांची अदलाबदल करून पाहा, उमलाउटचा, म्हणजे वर दोन टिंबं असलेला 'ü' कधी 'ue' तर कधी नुसता 'u' होतो हे धरा.

आता नोंदी. योहान यांचा जन्म १८६० च्या आसपासचा, म्हणजे सरकारी नोंदणीच्या आधीचा. प्रशियात, म्हणून श्लेस्विग-होल्स्टाईनमध्येही, सरकारी नोंदणी १ ऑक्टोबर १८७४ ला सुरू झाली, उरलेल्या जर्मनीत १ जानेवारी १८७६ ला. ऱ्हाईनच्या डाव्या तीरावर मात्र फ्रेंच राजवटीमुळे ती अठराव्या शतकाच्या अखेरीसच आली, आणि तिथे काही वर्षं तारखाही फ्रेंच क्रांतीच्या पंचांगाच्या. नोंदणी कार्यालय, म्हणजे श्टांडेसआम्ट, जन्मनोंद ११० वर्षं, विवाहनोंद ८० आणि मृत्युनोंद ३० वर्षं स्वतःकडे राखतं. त्यानंतर ती अभिलेखागारात जाते आणि कुणालाही पाहता येते. मुदतीच्या आतली नोंद थेट वंशजाला नातं सिद्ध करून मिळते. सरकारी नोंदणीच्या आधीच्या काळासाठी चर्चची पुस्तकं. श्लेस्विग-होल्स्टाईन जवळजवळ सगळा लुथरन, म्हणून इथे 'आर्किओन' हे प्रोटेस्टंट चर्चपुस्तकांचं सशुल्क संकेतस्थळ कामाचं. पैसे भरण्याआधी आपली पॅरिश तिथे चढली आहे का ते तपासा. ती यादी फुकट पाहता येते. कॅथलिक भागासाठी 'मात्रिकुला' आहे, ते विनामूल्य.

एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. डॅनिश राजवटीमुळे या डचींत १८०३, १८३५, १८४०, १८४५, १८५५ आणि १८६० च्या नावानिशी जनगणना आहेत. उरलेल्या जर्मनीत एवढी सलग सोय क्वचितच मिळते. त्यांत धंद्याच्या रकान्यात 'हुफनर' म्हणजे पूर्ण शेतवाडीचा धनी, 'केटनर' म्हणजे लहान खोपट आणि थोडी जमीन असलेला, 'इन्स्टे' म्हणजे दुसऱ्याच्या जागेत राहणारा मजूर. इन्स्टे मंडळी दर एक-दोन वर्षांनी गाव बदलत, त्यामुळे भावंडांचे बाप्तिस्मे चार वेगळ्या पॅरिशमध्ये सापडू शकतात. हुफनरचा माग सोपा, तो तिथेच पिढ्यानपिढ्या असतो.

वाचनाची तयारी आधीच करा. १९४१ पूर्वीचं जर्मन हस्ताक्षर 'कुरेंट' वळणाचं असतं. त्यात e आणि n जवळजवळ सारखे, u ओळखायला त्यावर छोटी चंद्रकोर, s चे दोन-तीन आकार. आधी त्याच पाद्र्याच्या हातची, तुम्हाला आधीपासून ठाऊक असलेली नावं शोधा आणि त्यावरून त्याची अक्षरं बसवा. महिन्यांत मोठा सापळा आहे: '7ber' हा सप्टेंबर, '8ber' ऑक्टोबर, '9ber' नोव्हेंबर, '10ber' किंवा 'Xber' डिसेंबर. सातवा महिना म्हणून जुलै लिहिला की पुढची सगळी वयं चुकतात. बाईच्या आडनावाला लागलेला '-in' सोडून द्यायचा. 'म्युलरिन' म्हणजे म्युलर. योहान हे पहिलं नाव तर अनेक घरांत सगळ्याच मुलांना मिळे, हाक मारायचं नाव दुसरं. म्हणून 'योहान' अमेरिकेत हाइनरिश म्हणून वावरला असेल तर नवल नाही. पंचांगाचाही विचार ठेवा. प्रोटेस्टंट जर्मनी आणि डेन्मार्क-नॉर्वे यांनी १७०० मध्ये नवं, म्हणजे आजचं पंचांग घेतलं आणि १८ फेब्रुवारीनंतर थेट १ मार्च आला. स्वीडनने हे १७५३ मध्ये केलं, तिथे १७ फेब्रुवारीनंतर १ मार्च. त्याआधी स्वीडनने मधलाच एक घोळ घालून ठेवला होता, त्यामुळे १७१२ मध्ये तिथे ३० फेब्रुवारी खरोखरच उगवली. तशी नोंद दिसली तर ती पाद्र्याची चूक समजून दुरुस्त करू नका.

'पीटरसन' या आडनावाबद्दल. श्लेस्विगमध्ये घराण्याचं आडनाव कायम ठेवण्याचा हुकूम १७७१ चा, पण खेड्यांत तो लगेच रुजला नाही. त्याआधी मुलाचं आडनाव बापाच्या नावावरून. पेटर हान्सनचा मुलगा योहान पीटरसन, त्याचा मुलगा हान्स योहान्सन. म्हणून अठराव्या शतकात मागे जाताना 'पीटरसन' शोधत राहिलात तर एका पिढीनंतर वाट संपते, किंवा वाईट म्हणजे भलत्याच कुटुंबात शिरता. दर पिढीला विवाहनोंद, बाप्तिस्म्याचे साक्षीदार आणि शेतवाडी या तिन्हींनी दुवा पक्का करा. साक्षीदारांत आजी-आजोबा, मामा, आत्या असतात, म्हणून त्यांची नावं जशीच्या तशी उतरवून घ्या.

रास्क घराण्याकडे आता. स्वीडनमधलं काम मनापासून आनंदाचं, कारण १६८६ च्या चर्चकायद्याने पाद्र्यांना जन्म, विवाह आणि मृत्यूखेरीज घरोघरच्या धर्मपरीक्षेची वही ठेवायला लावली. 'हुसफेरहेर्सलेंग्ड' ही ती वही. वाडीनिहाय, घरातल्या प्रत्येकाचं नाव, जन्मतारीख, जन्मपॅरिश, कुठून आला, कुठे गेला, वाचता किती येतं, आणि कडेला 'अमेरिकेला गेला' असा शेरा. एक वही साधारण पाच-दहा वर्षांची. एका वहीतून आधीच्या वहीत, तिथून जन्मपॅरिशमध्ये, असं मागे जात राहायचं. अभिलेखागारातली मांडणी देशभर एकसारखी आहे: AI म्हणजे धर्मपरीक्षेच्या वह्या, AII म्हणजे १८९० च्या दशकापासूनची त्यांची पुढची रूपं, B स्थलांतर, C जन्म, E विवाह, F मृत्यू. स्वीडनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने ही पानं २०१८ पासून सर्वांना विनामूल्य खुली केली आहेत. 'आर्किव्ह डिजिटाल' या सशुल्क सेवेतली रंगीत छायाचित्रं फिकट शाईसाठी जास्त बरी. गेल्या ७० वर्षांतल्या नोंदींना गोपनीयता लागू आहे. वहीत दिलेली जन्मतारीख नेहमी C मालिकेतल्या मूळ नोंदीशी ताडून पाहा. वही बदलताना तारखा उतरवण्यात चुका झालेल्या असतात.

आणि रास्क हे बहुधा सैनिकाचं नाव आहे. १६८२ पासून रुजलेल्या व्यवस्थेत काही शेतवाड्या मिळून एक 'रोटे' होई आणि ती एका सैनिकाला झोपडी, जमिनीचा तुकडा आणि पगार देई. पलटणीत दहा अँडर्स अँडर्सन नको म्हणून त्याला छोटं नाव मिळे: रास्क म्हणजे चपळ, मोदिग म्हणजे धाडसी, डोल्क म्हणजे खंजीर. पुष्कळदा हे नाव झोपडीलाच चिकटलेलं असे. जुना रास्क निवृत्त झाला की त्याच झोपडीत येणारा नवा सैनिकही रास्क. म्हणजे एकाच झोपडीतले लागोपाठचे दोन रास्क बापलेक असतीलच असं नाही, आणि एकाच सैनिकाची काही मुलं रास्क, काही अँडर्सन, मुली अँडर्सडॉटर असू शकतात. लग्नानंतरही बाई बापाच्याच नावाने राहते, ही सवय एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत होती. सैनिकाचा माग हजेरीपटांत मिळतो. त्यांत रोटे क्रमांक, वय, उंची, लग्न झालंय की नाही आणि निवृत्तीचं कारणही दिलेलं असतं. हे पट स्टॉकहोमच्या लष्करी अभिलेखागारात आहेत.

मध्येच एखादी शाखा डेन्मार्क वा नॉर्वेत गेली तर: दोन्हीकडच्या चर्चपुस्तकांची आणि जनगणनांची पानं सरकारी संकेतस्थळांवर फुकट आहेत. डेन्मार्कमध्ये १८१४ पासून चर्चपुस्तकाच्या दोन प्रती ठेवल्या जात, म्हणून एक जळली तरी दुसरी पाहा. नॉर्वेत स्वतःच्या आणि बापाच्या नावानंतरचं तिसरं नाव हे शेतवाडीचं, ते पत्त्यासारखं वागतं. वाडी बदलली की नावही बदलतं. तिथे त्या त्या भागाची 'बिग्देबोक' मिळवा, वाडीनिहाय धन्यांची पिढीजात माहिती त्यात तयारच असते.

आता ती फ्रेम. जर्मन आणि स्कँडिनेव्हियन परंपरेत कुलचिन्ह आडनावाचं नसतं. एका विशिष्ट माणसाने घेतलेलं किंवा त्याला बहाल झालेलं, आणि त्याच्या वंशजांकडे, बहुधा पुरुषवंशात, चालत आलेलं असतं. बापाच्या नावावरून दर पिढीला नव्याने जन्मणाऱ्या 'पीटरसन'ना एकच चिन्ह असणं शक्यच नाही. प्रत्येक शिंद्याने ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं राजचिन्ह दारावर लावावं, तसलाच हा प्रकार. दुकानदार बहुधा रीटस्टाप यांच्या एकोणिसाव्या शतकातल्या कुलचिन्हांच्या कोशातून त्या आडनावाची पहिली नोंद उचलतात. त्या कोशात एक लाखाहून अधिक नोंदी आहेत, म्हणून काही ना काही मिळतंच. तुमच्या चित्राखाली ढालीचं शब्दांतलं वर्णन असेल तर ते कोशाशी ताडून पाहा. नोंदीत कुळाच्या नावापुढे गाव किंवा प्रदेश असतो. योहान यांची शाखा त्या गावातल्या त्या घराण्यापर्यंत कागदोपत्री पोचते का, एवढाच प्रश्न उरतो. बहुतेक वेळा नाही पोचत.

म्हणून शेतकऱ्याच्या घराण्याला चिन्ह नसणारच असंही नाही. जर्मन भूमीत उमराव नसलेल्या नागरिकांना आणि शेतकऱ्यांनाही कुलचिन्ह घेता येई. १८०६ पर्यंत सम्राटाच्या वतीने हे अधिकारपत्र देणारे 'होफफाल्सग्राफ' नावाचे अधिकारी होते, शिवाय लोक स्वतःही चिन्ह घेत. झीबमाखर यांचा चिन्हसंग्रह १६०५ मध्ये न्युर्नबर्गला निघाला, त्याच नावाची नवी मोठी मालिका १८५४ पासून. तिच्यात सामान्य नागरिक घराण्यांचे वेगळे खंड आहेत, शोध तिथून सुरू करा. होल्स्टाईनच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या डिथमार्शेनमध्ये स्वतंत्र शेतकरी कुळांची चिन्हं थडग्यांच्या शिळांवर आहेत आणि लुंडन इथे त्या कुळांचं जुनं दफनस्थान जपलेलं आहे. योहान त्या भागातले निघाले तर मात्र प्रत्यक्ष शिळा पाहण्यासारख्या. घरबांधणीच्या सणाला शेजारी भेट देत त्या रंगीत काचांवरही नावं आणि चिन्हं सापडतात.

शिळेवर किंवा करारावर ढालीऐवजी नुसत्या सरळ रेघांची खूण दिसली तर ती 'हाउसमार्के', स्वीडिशमध्ये 'बूमेर्के'. अवजारं, गुरं, धान्याची पोती यांवर मालकीसाठी आणि सहीऐवजी वापरायची. ती पुष्कळदा घराण्याऐवजी वाडीची असते, म्हणून वाडी विकली की नव्या मालकाकडे जाते.

जुन्या मोहरेची छाप मिळाली तर रंग रेघांवरून वाचता येतात, ही पद्धत सतराव्या शतकातली: ठिपके म्हणजे सोनेरी, कोरी जागा चंदेरी, उभ्या रेघा लाल, आडव्या निळा, पाहणाऱ्याच्या डावीकडून वरून खाली उतरणाऱ्या तिरप्या रेघा हिरवा, जाळी काळा. मात्र वर्णनातली 'उजवी' बाजू ढाल धरणाऱ्याची, म्हणजे पाहणाऱ्याची डावी. ढालीवर काढलेलं शिरस्त्राणही पाहा. जर्मन प्रथेत बंद शिरस्त्राण नागरिकांचं, जाळीचं उमरावांचं मानतात. स्वीडनमध्ये उमराव नसलेल्यांना जाळीचं शिरस्त्राण वापरायला १७६२ पासून मनाई झाली. तुमच्या चित्रात जाळीचं शिरस्त्राण आणि मुकुट असेल, तर ते शेतकरी पीटरसनांचं नाही हे तिथेच ठरलं.

स्वीडनमधल्या उमराव घराण्यांसाठी स्टॉकहोमचं रिडरहुसेट, म्हणजे उमरावांचं सभागृह आहे. तिथे नोंदलेल्या प्रत्येक घराण्याला क्रमांक आणि भिंतीवर चिन्हपट आहे. शेवटचं उमरावपद १९०२ मध्ये संशोधक-प्रवासी स्वेन हेडिन यांना मिळालं. एखादं रास्क घराणं त्या यादीत दिसलं तरी झोपडीतल्या रास्कशी त्याचा संबंध आपोआप लागत नाही. 'लिंडक्विस्ट', 'बेर्गस्ट्र्योम' अशी भारदस्त वाटणारी निसर्गनावं तर सर्रास कारागिरांची आणि लिपिकांची. तसंच आडनावाआधी लागणारं जर्मन 'फॉन'. उत्तर जर्मनीत 'फॉन देर हाइडे' म्हणजे माळरानाजवळ राहणारा एवढंच असू शकतं. १९१९ च्या घटनेने जर्मनीत उमरावांचे विशेष हक्क गेले आणि पदव्या आडनावाचा भाग झाल्या. नॉर्वेने हे १८२१ मध्येच केलं होतं.

शोधाअंती चिन्ह सापडलं नाही तर नवं करून घेता येतं, आणि ते पूर्णपणे प्रतिष्ठित आहे. बर्लिनच्या 'हेरोल्ड' या १८६९ च्या संस्थेची 'डॉइचे व्हापेनरोले' १९२२ पासून आहे, नॉर्डिक बाजूला 'स्कांडिनाव्हिस्क व्हापेनरुला' १९६३ पासून. या खासगी संस्थांच्या नोंदवह्या आहेत, सरकार चिन्ह बहाल करत नाही. वंशावळीची कागदपत्रं मागतात, म्हणून तोवर जमवलेलं सगळं कामी येतं. रेखाटनात एक नियम पाळा: सोनेरी-चंदेरीवर सोनेरी-चंदेरी नको, रंगावर रंग नको, नाहीतर लांबून काही दिसत नाही. ढालीवर दोन-तीनच गोष्टी ठेवा. प्रत्येक पूर्वजाचा धंदा आणि दोन्ही देशांचे झेंडे ढालीत कोंबण्याची हौस आवरा.

वंशाच्या चाचणीबद्दल विचारलं होतं म्हणून: बापाकडून मुलाला जाणाऱ्या वाय गुणसूत्राची चाचणी पुरुषवंशाचा दुवा पडताळायला चांगली. पण आडनाव दर पिढीला बदलणाऱ्या भागात जुळणी झालेल्या माणसाचं आडनाव वेगळंच असणार. ते पाहून चाचणी चुकली असं समजू नका, त्याची पॅरिश विचारा.

जर्मन कार्यालयाला पत्र लिहिताना साध्या जर्मनमध्ये, एका पत्रात एकाच कुटुंबाबद्दल, नाव, अंदाजे साल, गाव आणि तुमचं नातं एवढंच लिहा. 'पीटरसन घराण्याची सगळी माहिती पाठवा' अशा पत्राला उत्तर येत नाही. शोधाचं शुल्क नोंद सापडली नाही तरी लागतं, म्हणून सालाचा पट्टा पाच वर्षांहून मोठा ठेवू नका. आणि प्रत्येक नोंदीखाली पॅरिश, मालिका, खंड, पान आणि चित्र क्रमांक लिहा, नाव मूळ वळणातच उतरवा. पुढच्या वर्षी तोच योहान दुसऱ्या पॅरिशमध्ये सापडला, की कोणता खरा हे ठरवायला तेवढंच हाती असतं.